ड्रमरला काढण्याआधी हॉलची भिंत मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे कॉलेजात जमलेले रॉक बँड पुढे लग्नातलं संगीत, गणपती, हॉटेलांचे कार्यक्रम घेऊ लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणाला तरी काढायची वेळ येते. काढायची रीतही ठरलेली. चौघं जण पाचव्याला वगळून व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप उघडतात, सगळं तिथेच ठरतं आणि दोन दिवसांनी पाचव्याला निरोप जातो, 'सगळ्यांचंच म्हणणं आहे.' बहुमत झालं की विषय मिटला, असा समज आहे. कायदा तसं मानत नाही.

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ चं कलम ३३ सांगतं की बहुमत कितीही मोठं असलं तरी भागीदाराला काढता येत नाही. तसा अधिकार आधीच्या करारात दिलेला हवा आणि तो प्रामाणिकपणे वापरलेला हवा. पैसे घेऊन कार्यक्रम करणारा, नफा वाटून घेणारा बँड साध्या तोंडी बोलीवरही भागीदारी ठरू शकतो. नाइटवर, म्हणजे दर कार्यक्रमाचे ठरलेले पैसे घेऊन वाजवणाऱ्याची गोष्ट वेगळी, तो भागीदार नसतो. म्हणून कोण कशात मोडतं, हे पहिल्या सुपारीच्या आधीच एका कागदावर लिहून सह्या कराव्यात.

मोठ्या बँडांनी तरी हे नीट केलं का? 'बीटल्स'ने दोन वर्षं सोबत वाजवलेल्या ड्रमर पीट बेस्टला १६ ऑगस्ट १९६२ ला काढलं. निर्णय उरलेल्या तिघांचा, सांगायचं काम मात्र मॅनेजर ब्रायन एपस्टाइनवर ढकललेलं. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना रेकॉर्डिंगपुरता दुसरा ड्रमर हवा होता. कायमचं काढा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. 'मेटॅलिका' या अमेरिकन बँडने ११ एप्रिल १९८३ ला गिटारिस्ट डेव्ह मस्टेनला सकाळी उठवून न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाच्या बसचं तिकीट हातात दिलं. दारूवरून तक्रारी होत्या, त्या खऱ्याही असतील. पण त्याच्या जागी येणारा गिटारिस्ट आधीच ठरला होता, म्हणजे त्याचं म्हणणं ऐकायला जागाच ठेवली नव्हती. आणि तीन महिन्यांनी आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या चार गाण्यांवर त्याचं नाव होतंच. माणूस गेला तरी चाल त्याचीच राहते, हा मुद्दाही त्या कागदात हवा.

आता आरोपाकडे. 'लय धरत नाही' हा ड्रमरवरचा नेहमीचा ठपका. मंगल कार्यालयात वर पत्रे, मागे कोरी भिंत. स्टेजपासून भिंत १७ मीटरवर असली तर आवाज जाऊन यायला ३४ मीटर, म्हणजे सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे परतून येणारा आवाज ठोक्याच्या पाचव्या हिश्शाने मागे. ड्रमरला स्वतःचा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, नसेल तर त्याच्या कानावर हेच येतं आणि तो मागे पडतो. खर्च वाचवायला मॉनिटर फक्त गायकापुढे ठेवायचा आणि दोष हातांना द्यायचा, हे सर्रास चालतं. आधी बंद खोलीत, हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे यंत्राचा एकसारखा ठोका, लावून त्याची दोन गाणी रेकॉर्ड करा. तिथेही घसरला तर बोला. उशिरा येणं, दारू, उद्धटपणा यांची तक्रार वेगळी. ती तारखेनिशी लिहून त्याच्या हातात द्यावी आणि उत्तराला आठ दिवस द्यावेत. दोन्हींची खिचडी केली की कशाचंच उत्तर देता येत नाही.

मतदानात घोळ होतो तो बोलण्याच्या क्रमामुळे. ज्याचा मिक्सर, ज्याच्या वडिलांची गाडी, तो आधी बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. हात वर करणं नकोच. चिठ्ठ्याही चालत नाहीत, चार जणांत अक्षर लगेच ओळखू येतं. प्रत्येकाला एक हरभरा आणि एक शेंगदाणा द्यावा. हरभरा म्हणजे राहू द्या, शेंगदाणा म्हणजे काढा. मताचा दाणा एका डब्यात, उरलेला दुसऱ्या डब्यात. दुसरा डबा ठेवला नाही तर उरलेला दाणा मुठीत राहतो आणि मत फुटतं. डब्यांच्या तळाशी फडकं घाला, आवाजही कळायला नको. चारांत दोन-दोन झाले तर माणूस राहतो. काढायला किमान तीन हवेत, आणि हा आकडा भांडणाच्या आधी ठरलेला हवा.

पैशाचं उदाहरण घेऊ. पाच जणांनी १२,००० रुपये प्रत्येकी घालून ६०,००० चं सामान घेतलं. दोन वर्षांनी जुन्या बाजारात त्याचे ३५,००० येतात, तर जाणाऱ्याचे ७,०००. बारा हजार मागणं चूक आणि 'सामान बँडचं' म्हणून हात वर करणंही चूक. हिशेब न मिटवता त्याच सामानावर धंदा चालू ठेवला तर कलम ३७ प्रमाणे तो त्याच्या हिश्शावरचा नफा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज मागू शकतो. पुढच्या कार्यक्रमांचा बयाणा ही अजून कमाई नसते, ती वाटू नये. मात्र त्याने घेतलेली उचल हिश्शातून वळती करावी.

काढायचं कधी? आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं आणि आखाजीलाच सुटतं. तो हिशेब नेहमी सरळ असतो असं कुणी म्हणणार नाही, पण तारीख तरी दोघांना आधीपासून ठाऊक असते. बँडनेही ऐन लग्नसराईत कुणाला काढू नये. घेतलेल्या सुपाऱ्या पुऱ्या करून मगच बसावं.

जाणाऱ्यानेही एक काम चुकवू नये. तो बाहेर पडल्याची जाहीर सूचना निघेपर्यंत साउंडवाल्याची नवी उधारीसुद्धा त्याच्या अंगावर येऊ शकते. कलम ७२ नुसार ही सूचना राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. फर्म नोंदलेली असेल तर निबंधकांनाही कळवावं लागतं. सूचना बँडने दिली नाही तर ती त्याला स्वतःलाही देता येते.

आपला,
एक वाचक, जळगाव