केमोनंतरचा विसर

संपादक महोदय,

स्तनाच्या कर्करोगावरची केमो संपली, तरी अनेकींना ओठावरचा शब्द सापडत नाही, गॅसवर ठेवलेलं दूध उतू जातं. ‘वय झालं’ म्हणून हे उडवून लावू नये. 30 गुणांच्या नेहमीच्या स्मृतिचाचणीत त्यांना बहुधा चांगले गुण पडतात; पण ती चाचणी डिमेन्शियासाठीची (स्मृतिभ्रंशासाठीची), एवढी बारीक घसरण तिच्या हाती लागत नाही. आधी रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-12 जीवनसत्त्व पाहावं (शाकाहारी घरांत बी-12 बऱ्याचदा कमीच!). झोप, नैराश्य, केमोमुळे अकाली थांबलेली पाळी यांचीही चौकशी व्हावी. नोंदींना एकच वही, एका वेळी एकच काम आणि झेपेल तसं वाढवत आठवड्याला 150 मिनिटं चालणं, याचा उपयोग होतो. कर्करोग परतू नये म्हणून दिलेली टॅमॉक्सिफेनची गोळी मनानं बंद करू नये. विसरासोबत नवी डोकेदुखी, उलट्या किंवा तोल जाणं दिसलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

— कर्करोग पुनर्वसनात काम करणारे काही वाचक