शौचालयाचे कर्ज शेळीच्या नावावर

संपादक महोदय,

भूम तालुक्यातील एका गावात गेली नऊ वर्षे मी महिला बचत गटाची सचिव आहे. आमच्या नोंदवहीत ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात एका सदस्येच्या नावापुढे ‘शेळीपालन’ असे लिहिलेले आहे आणि ते अक्षर माझेच आहे. तिच्या दारात शेळी कधीच आली नाही. त्या २० हजार रुपयांत तिने घरामागे शौचालय बांधले, कारण दोन मुली मोठ्या झाल्या होत्या आणि तूर काढल्यावर शिवारात आडोसाच उरत नव्हता. खरे कारण लिहिले की ‘यातून उत्पन्न काय येणार?’ असे विचारून अर्ज परत पाठवला जाई, म्हणून मी खोटी नोंद केली. त्याची मला आजही खंत वाटते.

स्वच्छ भारत अभियानातून पात्र कुटुंबाला १२ हजार रुपये मिळतात, मग कर्ज कशाला, असे अनेक जण विचारतात. आमच्या गावात हे पैसे बांधकाम पुरे होऊन त्याचा फोटो ऑनलाइन चढल्यानंतरच खात्यात जमा झाले आहेत. विटा, सिमेंट, भांडे आणि गवंड्याची मजुरी मात्र आधी द्यावी लागते, आणि मजुरीवर जगणाऱ्या घरात एवढी रोकड नसते. या सदस्येचे अनुदान यायला सात महिने लागले. शेकडा दोन रुपये दराने तिला पहिल्या महिन्याचेच व्याज ४०० रुपये पडले होते. ज्यांच्या गावात गटच नाही, त्यांना खासगी सावकाराचे दार गाठावे लागते.

वास्तविक नियम आता आड येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज, ते कोणत्याही कारणासाठी घेतलेले असो, सूक्ष्म कर्जच मानले जाते. ग्रामीण उपजीविका अभियानातील महिला गटांना ३ लाखांपर्यंतचे बँक कर्ज ७ टक्के दराने मिळण्याची सोयही आहे. तरीही शेळी, शिलाई मशीन आणि पिठाची गिरणी यांपलीकडे कर्जाचे कारण असू शकते, हे गावपातळीवर अजून कुणी मानायला तयार नाही. अतिसाराने मूल आजारी पडले की आईचा रोज बुडतो आणि दवाखान्याचा खर्च अंगावर येतो, हा हिशेब उत्पन्नाच्या रकान्यात बसत नसला तरी तो घरखर्चाचाच आहे.

पाण्याच्या टाकीसाठी लागणाऱ्या कर्जाचेही तसेच आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे, म्हणजे पाच जणांच्या घराला २७५ लिटर. आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो, त्यामुळे घरात हजार-अकराशे लिटर साठवण्याची सोय लागते. अशी टाकी नसेल तर दारात नळ असूनही बाई हंडा घेऊन बोअरवरच उभी राहते आणि शौचालयात टाकायला पाणी उरत नाही. मात्र नळाला पाणी पुरवणारा स्रोतच कोरडा पडला, तर तो दुरुस्त करणे शासनाचे काम आहे आणि त्याचा भार बाईच्या हप्त्यावर टाकता येणार नाही.

कर्जवाटपाची घाई नको, हेही मी तितक्याच कळकळीने सांगते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकावर एक कर्जे आणि वसुलीचा जाच यांतून आत्महत्या झाल्याचे आरोप झाले होते. घरातील सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, हा आताचा नियम म्हणूनच काटेकोर पाळला जावा. कर्जाबरोबर बांधकामाची माहितीही द्यायला हवी. खड्डा लवकर भरेल या भीतीने लोक एकच खोल खड्डा खणतात. त्याऐवजी मीटरभर खोलीचे दोन शोषखड्डे आलटून पालटून वापरले, तर बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दोन वर्षांत खत होते आणि उपसायला माणूस उतरवावा लागत नाही.

गावातील बचत गटांचे मिळून बनलेल्या ग्रामसंघांनी पात्र कुटुंबाला वर्षाला १२ टक्क्यांच्या आत आगाऊ कर्ज द्यावे, अनुदान जमा होताच त्यातून मुद्दल वळते करून घ्यावे आणि कर्जाच्या अर्जावर ‘पाणी व शौचालय’ हे कारण छापील असावे, अशी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. आमच्या गटात अजून चार घरांचे अर्ज थांबले आहेत. त्यांच्या नावापुढे मला शेळी लिहायची नाही.

— बचत गटाची सचिव, ता. भूम, जि. धाराशिव