काचेचं कपाट हॉलमध्येच राहील

सोलापूर
12 नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुडघ्याचे व्यायाम चुकवत नसाल असं धरून चालतो. चुकवत असाल तर ताई आहेच तिथे, मी कशाला बोलू? मला लिहायचंय ते काचेच्या कपाटाबद्दल. फोनवर हा विषय निघाला की आई स्पीकर लावते, ताई हसते आणि गाडी माझ्या चाळिशीवर येऊन थांबते. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं, त्यात कुणाला मधे बोलता येत नाही.

आई, रंगारी यायच्या आत 'ती काटेरी पिलावळ' माळ्यावर टाक, असं तू परवा पुन्हा सांगितलंस. कारणं दोन दिलीस. घोडा झालास तरी खेळणी कसली मांडतोस, हे एक. आणि साळिंदराचा काटा घरात असला की भांडणं लागतात, हे दुसरं. पहिल्यावर माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्यावर भरपूर आहे.

कपाटात साळिंदर एकही नाही गं, सगळे हेजहॉग आहेत. साळिंदर उंदीर-घुशींच्या गोतातलं, दहा-पंधरा किलोचं धूड. त्याचे काटे वीतभराहून लांब आणि सहज गळून पडणारे, म्हणून तर ते लोकांच्या हाती लागतात आणि कुणाच्यातरी उंबऱ्याखाली पुरले जातात. मंगळवेढ्याला मामाच्या रानात भुईमूग उकरून खातं ते हेच. हेजहॉगचं नातं चिचुंद्रीशी. युरोपातला चांगला पोसलेला हेजहॉग किलोभराच्या आसपास भरतो, आपल्या राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखात आढळतात ते त्याहून लहान. खाणं किडे, भुंगे, गांडुळं. अंगावर पाचेक हजार काटे असतात, जेमतेम इंचभर लांब, आतून पोकळ, आपली नखं ज्या केराटिनची त्याच केराटिनचे. धोका दिसला की पाठीच्या कातडीच्या कडेने फिरलेला स्नायू आवळला जातो, तुझ्या बटव्याची नाडी ओढावी तसा, आणि तोंड, पाय, पोट सगळं आत गडप. समोरचा कंटाळून निघून जाईपर्यंत हा आपला गप्प पडून राहतो. असल्या प्राण्यापायी घरात भांडणं लागतील? आपल्याकडची भांडणं रिमोटवरून होतात, नाहीतर पाणी येतं त्या दिवशी मोटर कुणी लावायची यावरून. दोन्ही भानगडी कपाट यायच्या आधीपासूनच्या आहेत.

हा नाद लागला तो कामातून. जर्मनीच्या एका गिऱ्हाइकाला लहान मुलांच्या टॉवेलवर हेजहॉग हवा होता. डिझाइन जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर चढवलं, सॅम्पल काढलं. बाबा गिरणीत होते, त्यांना सांगायला नको, पण आई, तुझ्यासाठी सांगतो. टेरी टॉवेलला ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, दोन लागतात, एक घट्ट, एक सैल. बाण्याचे, म्हणजे आडवे, तीन धागे एकदम पुढे ठोकले की सैल ताण्याचे फासे उभे राहतात. ती पाइल. पाणी शोषतात ते हे फासे. त्या सॅम्पलमध्ये सैल ताणा जरा जास्तच सैल राहिला, फासे वेडेवाकडे उंच उठले आणि माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात गेला. आमच्याकडे पूर्व भागातले एक अण्णा आहेत, उभा जन्म मागावर गेला त्यांचा. त्यांनी तो तपकिरी तुकडा उचलला, हातावर फिरवून बघितला आणि जेवणाच्या सुट्टीत कापून, आत चिंध्या कोंबून त्याचा हेजहॉग शिवला. उंच फासे पाठीवर आले, किनारीचा सपाट भाग तोंडाला. नाकाला शर्टाचं काळं बटण, तेही जरा तिरकं बसलंय. 'साहेब, माल वाया गेला नाही बघा' म्हणाले. वरच्या कप्प्यात डावीकडे बसलाय तो हाच. धूळ धरतो, म्हणून महिन्यातून एकदा धुऊन वाळत घालतो. तारेवर चिमट्याला लटकलेला बघून शेजारच्या काकू काय म्हणाल्या ते मला माहीत आहे, पुन्हा नको सांगूस.

त्याच्या शेजारी ठिगळाची विजार घातलेला आहे तो मेकी, जर्मन चित्रकथांमधला हेजहॉग. कॉलेजातला मित्र जर्मनीत असतो, त्याने तिथल्या जुन्या बाजारातून आणून दिला. एका जर्मन साप्ताहिकात 1949 पासून हा झळकायला लागला, आणि 1951 पासून श्टाइफ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या बाहुल्या काढल्या. बायको मिकी, पोरं माकी आणि मुकी, असा भरला संसार आहे त्याचा. माझ्याकडे एकटा मेकीच. चेहरा रबराचा असल्यामुळे ऊन लागलं की तडकायची भीती, म्हणून त्याचा कप्पा खिडकीपासून लांब ठेवलाय. तू मागे विचारलं होतंस ना, कपाट आडवं का लावलंस म्हणून? ते यासाठी.

आणि हे खूळ एकट्या माझं आहे असंही समजू नका. इजिप्तमध्ये चारेक हजार वर्षांपूर्वी निळ्या-हिरव्या झिलईचे एवढेएवढे हेजहॉग बनवून मेलेल्या माणसाबरोबर थडग्यात ठेवायचे. इंग्लंडात शंभरेक वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमचे कारागीर चांदीचे हेजहॉग घडवत, पाठीवर गादी, तिच्यात टाचण्या खोचायच्या. म्हणजे टाचण्या खोचल्या की काटे पुरे. खरं चांदीचं आपल्याला परवडायचं नाही. पण सूनबाईने त्याच धर्तीवर मखमलीचा एक शिवलाय आणि तुझ्या शिलाई मशीनच्या खणातल्या सगळ्या टाचण्या आता त्याच्या पाठीवर आहेत. परत आलीस की टाचणी शोधत फिरावं लागणार नाही. एवढा एक तरी तुला पटेल असं वाटतं.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. इंग्लंडात हेजहॉग फार कमी झालेत. शेतांच्या कडेची झुडपं गेली आणि घराघराला पक्की कुंपणं आली. हा प्राणी रात्रीत किलोमीटर-दीड किलोमीटर सहज हिंडतो, कुंपण आडवं आलं की चरायला जागाच उरत नाही. म्हणून लोक आता कुंपणाला खालून तेरा सेंटीमीटर लांब-रुंद भोक ठेवतात, शेजाऱ्यालाही ठेवायला सांगतात. तुम्ही कंपाउंड घालताना मांजरीसाठी खालची वीट सोडायला लावली होती आणि गवंडी दिवसभर कुरकुरत होता, ते आठवलं. आई, तू मात्र तिथे असतीस तर वाटीत दूध ठेवलं असतंस. पूर्वी तिकडेही ठेवायचे. त्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. नुसतं पाणी ठेवायचं.

यावरून आठवलं, ताईच्या चिरंजिवांना जिवंत हेजहॉग हवाय म्हणे, आणि आजोबांनी 'बघू' असं म्हटलंय. बाबा, तुमचं 'बघू' म्हणजे हो असतं हे त्याला कळून चुकलंय. आपल्याकडच्या रानातल्या हेजहॉगना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते पकडून पाळता येत नाहीत. शिवाय रात्री जागणारा, माणसाचा हात लागला की गोळा होणारा प्राणी फ्लॅटमध्ये डांबून पोराच्या हाती काय लागणार? त्याला माझ्याकडचा निळा सोनिक देऊन टाकतो. 1991 च्या व्हिडिओ गेममधला तो पळणारा. तसाही मला तो फारसा आवडत नाही, अंगात नको इतकी घाई आहे त्याच्या.

तर माझं ठरलं ते असं. कपाट हॉलमध्येच राहील. मधला कप्पा रिकामा करतो, तिथे बाबांचं गिरणीतलं घड्याळ आणि तुझी चांदीची निरांजनं. गड्ड्याच्या जत्रेत एकाने मला हेजहॉग म्हणून फणसाला डोळे चिकटवलेला गल्ला विकला होता, तो माळ्यावर जाईल, ही तुझी जीत समज. भिंतीला फिकट पिवळा सांगितलाय. हिरवा हवा असेल तर रविवारच्या आत कळव, नंतर रंगारी ऐकत नाही.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी शेजारच्या पोराबरोबर हुतात्मा एक्सप्रेसने पाठवतोय. भाकऱ्यांचा डबा सूनबाईच्या माहेरचा आहे, परत आणा. बाबांनी जिना एकट्याने उतरू नये.

तुमचा,
बाळू

ता. क. चटणीत लसूण जास्त आहे. ताईने मागितला तसाच.