माफी दिलीत, आता कामही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुड फ्रायडेला आपल्या पानावर येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत त्याला तीनदा नाकारलं, त्यावरचा लेख वाचला. तिसऱ्या नकारानंतर कोंबडा आरवला, लेख तिथेच थांबला, म्हणून हे पत्र. पेत्र आमच्या मासेमारीच्या धंद्यातला माणूस, पुढचं मी सांगतो.

तो परत जाळ्याकडे गेला. होडीत सात जण, अख्खी रात्र फुकट. रिकामं जाळं ओढताना हात किती जड होतात ते कोळ्याला विचारा. पहाटे किनाऱ्यावरून मरणातून उठलेल्या येशूने हाक मारली, उजव्या बाजूला टाका म्हणाला. १५३ मोठे मासे लागले. काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. नाकारलं त्या रात्रीही पेत्र कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये हा शब्द या दोनच ठिकाणी येतो, असं आमच्या फादरनी सांगितलं. तो वास नाकात गेल्यावर पेत्राचं काय झालं असेल! येशूने आधी न्याहारीला बसवलं. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का? आणि तिन्ही वेळा काम दिलं: माझी मेंढरं सांभाळ.

मी सणाची वर्गणी दारूत घालवली. ३८ हजार रुपये. पावतीपुस्तक गादीखाली लपवलं होतं, ते बायकोला सापडलं. बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकवून, विकून तिने दोन वर्षांत पैसे फेडले. मी कुमसार केला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल केलं, पापक्षमा मिळाली. पण चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला माझ्या बाकावर कोणी बसेना. तेव्हा फादर म्हणाले, ‘उद्यापासून पहाटेची घंटा तू वाजव.’ रात्री प्यायलेला माणूस साडेपाचला उठत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी दोर धरलेले हात इतके थरथरत होते की घंटेचे ठोके मागेपुढे पडले. सगळ्या गावाने ते ऐकलं. मी दुसऱ्या दिवशीही गेलो. त्याच आठवड्यात दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला बसलो. दारू सोडून आज सहा वर्षं चार महिने झाले.

धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, समित्यांना, मच्छीमार सोसायट्यांना आणि घरच्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. ‘आधी सुधारू दे, मग बघू’ असं म्हणू नका. रिकामा बसलेला माणूस सुधारणार कशाच्या आधाराने? पहिल्याच दिवशी पैशाची पेटी त्याच्या हाती द्या, असं मी म्हणत नाही. घंटेचा दोर चालेल, बाक पुसायचं फडकं चालेल. पण त्याची कोणीतरी वाट बघतंय, असं काहीतरी द्या.

यंदा समितीने सणाचं पावतीपुस्तक पुन्हा माझ्याकडे दिलं. पहिली पावती मी बायकोच्या नावाने फाडली.

आपला,
उत्तनचा एक मच्छीमार
(कृपया नाव छापू नये, आमच्या मीटिंगची तशी रीत आहे.)