यशोगाथांच्या जोडीला हिशेबही छापावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरातली नोकरी सोडून गावी परतलेल्या आणि थोडक्या जमिनीत घरापुरते पिकवून समाधानाने राहणाऱ्या कुटुंबांविषयीचे लेख आपल्या पुरवणीत अलीकडे वरचेवर येतात. मी ते आवडीने वाचतो, कात्रणेही जपून ठेवतो. मात्र अशा लेखांत जमीन किती आणि उत्पन्न किती एवढे असते. ते धान्य घरातल्या माणसांना वर्षाचे किती महिने पुरले, बाजारातून काय काय आणावे लागले, कोणते पीक हातचे गेले आणि अडचणीला कोण धावून आले, हे बहुधा नसते. लेख वाचून गावी येणाऱ्या माणसाला गरज असते ती नेमकी याच माहितीची. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत अशी तीन कुटुंबे आली आणि दोन पावसाळे काढून परत गेली. त्यांच्या कष्टांत काही उणे नव्हते. ती एकटी पडली, आणि आम्हीही त्यांच्यापर्यंत वेळेत पोचलो नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्याचा रहिवासी. मुंबईत छापखान्यात २६ वर्षे नोकरी केली आणि २०१४ साली गावी परतलो. वाटणीत आलेली जमीन २२ गुंठे. त्यातली १० गुंठे भाताची खाचरे आणि बाकीचे घराभोवतीचे परडे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यात सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, १.३४ हेक्टर आहे. आमच्या वाडीत एवढी जमीन एका चुलीच्या वाट्याला आलेले घर शोधूनही सापडणार नाही. अशा तुकड्यांवर राहणारी आम्ही २३ घरे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणा एकाच्या जमिनीवर जमतो. मंडळाची नोंदणी नाही, त्याला नावही दिलेले नाही. महिन्याला २० रुपये वर्गणी आणि एक जाडजूड वही, एवढाच आमचा संसार. ज्याच्या जमिनीवर बैठक असेल त्याने आधी सगळ्यांना बांधावरून फिरवून आणायचे आणि मगच बोलायला बसायचे. बोलायचे ते स्वतः केलेलेच, आणि बिघडले ते आधी सांगायचे.

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जे जाळे विणले, त्याचा गाभाच हा होता, की शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि हाती आलेले ज्ञान दुसऱ्यापाशी मोकळे करावे. पाच माणसांच्या कुटुंबाचे १० गुंठ्यांत नीट भागू शकते, ही त्यांची मांडणी अनेकांना ठाऊक असते. पण ती सांगताना १० गुंठे तेवढे लक्षात राहतात आणि परिवार हा शब्द गळून पडतो. माझ्या मते त्या मांडणीतला जास्त मोलाचा शब्द परिवार हाच आहे.

आता आमच्या वहीतला हिशेब जसा आहे तसा देतो. माझ्या १० गुंठ्यांत बऱ्या वर्षी २७० किलो भात होते. गिरणीवर भरडल्यावर हाती येतो तो सुमारे १७५ किलो तांदूळ. आमच्या घरात पाच माणसे, रोजचा तांदूळ साधारण एक किलो. म्हणजे घरचा तांदूळ सहा महिनेही पुरत नाही. भातकापणीनंतर त्याच खाचरांपैकी चार गुंठ्यांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर, कुळीथ पेरतो. त्याचे २० किलो होतात आणि वर्षभराच्या पिठीची सोय होते. हळद, अळू, सुरण, नारळ, कोकम आणि पावसाळी भाजी विकत घ्यावी लागत नाही. तेल, साखर, चहा, मीठ, कपडालत्ता, औषधे, मुलांचे शिक्षण आणि विजेचे बिल यांना रोख पैसाच लागतो, आणि तो माझ्या घरी काजूबियांतून व मुलाच्या रोजगारातून येतो. २३ घरांपैकी एकही घर सर्वार्थाने स्वयंपूर्ण नाही. दाभोळकरांच्या मांडणीपर्यंत आम्ही पोचलेलो नाही आणि हे आम्ही नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत सांगतो. तरीही बाजारातून येणाऱ्या पिशव्या निम्म्याने कमी झाल्या आहेत, आणि ताटातली भाजी कोणत्या मातीतली, तिच्यावर काय फवारले, हे घरातल्या लहान मुलालाही सांगता येते. माझ्या वयाच्या माणसाला हे थोडे वाटत नाही.

एकट्याने काय होत नाही, हे मी कोंबड्यांपायी शिकलो. गावी आल्यावर पहिल्याच वर्षी मी २० कोंबड्या घेतल्या. पावसाळा सरताना एका सकाळी दोन कोंबड्या माना पिळवटून पडलेल्या दिसल्या, खुराड्यात हिरवट हगवण होती. आठवडाभरात १७ गेल्या. तो मानमोडी रोग होता आणि त्यावर लस असते, हे मला पुढे मंडळातल्या एका काकूंकडून कळले. पण लस कळून तरी एकट्याचा काय उपयोग होता? लासोटा लसीची लहानातली लहान कुपी आमच्याकडे मिळते ती १०० मात्रांची. ती सतत गार ठेवावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. २० पक्षी पाळणाऱ्याने ती आणायची आणि उरलेली ओतून द्यायची, हे परवडत नाही. म्हणून कोणीच आणत नाही आणि दर वर्षी वाडीच्या वाडी साफ होते. आता आमच्यातला एक जण ठरलेल्या दिवशी थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणतो आणि उजाडल्यापासून घरोघर फिरून पिल्लांच्या डोळ्यांत एकेक थेंब सोडतो. पिल्ले एकाच सुमाराला उबवून निघावीत, म्हणून खुडूक कोंबड्या बसवण्याचा आठवडाही आम्ही बैठकीत ठरवतो. अंडी उबवण्याच्या तारखा ठरवणारी आमच्यासारखी दुसरी बैठक कुठे होत असल्यास तिच्याविषयी वाचायला मला फार आवडेल.

पाण्याचेही तसेच. आमच्याकडे पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्या दगडातून तो झिरपून जातो आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो. ऑक्टोबर संपताना आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-रेती भरून पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घालतो. गेल्या खेपेला १४ माणसे आणि २२० गोण्या लागल्या, काम दुपारच्या जेवणाआधी उरकले. त्या पाण्यावर खालच्या अंगाच्या नऊ घरांची भाजी फेब्रुवारीअखेरपर्यंत निघते. ज्यांना पाणी मिळत नाही ती घरेही बंधाऱ्याला येतात, कारण त्यांच्या भातलावणीला ही नऊ घरे जातात. आपल्याकडे याला सावड म्हणतात, घाटावर इर्जिक म्हणतात. मजुरी देऊन माणसे बोलावण्याच्या काळात ही रीत बहुतेक ठिकाणी मोडली. आमच्याकडे ती या बंधाऱ्यामुळे परत आली.

बियाण्यांच्या बाबतीत आम्हा पुरुषांना कबुली दिली पाहिजे. पहिली दोन वर्षे बैठकीला फक्त पुरुष येत आणि वहीतला बियाण्याचा रकाना कोराच राही. बैठक सकाळऐवजी दुपारी तीनला ठेवली तशा बायका येऊ लागल्या, आणि त्या एकाच दुपारी पडवळ, दोडका, तवसे (कोकणातली काकडी), लाल भोपळा, पावटा अशा १९ बियाण्यांची नोंद झाली. राखेत घोळवून चुलीवरच्या माळ्यात ठेवलेली ही बियाणी आम्ही रोज पाहत होतो; त्याला ज्ञान म्हणतात हे आमच्या ध्यानात आले नव्हते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, देशी बियाणी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बैठकीतल्या बायकांना झालेला आनंद मी पाहिला आहे. तवशाच्या दोन जाती शेजारी लावल्या तर परागीभवनात त्यांची सरमिसळ होते आणि पुढच्या वर्षी ना ही जात राहते ना ती. म्हणून आम्ही एका वाडीने एकच जात सांभाळायची असे ठरवले आणि मृगाच्या आधीच्या रविवारी अदलाबदल करतो: मूठभर न्यायचे, पुढच्या वर्षी दोन मुठी परत आणायचे. ही अदलाबदल कायद्याला धरून आहे का, असे एका तरुण सभासदाने काळजीने विचारले होते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. नाममुद्रा लावून विकता येत नाही, इतकेच. ही गोष्ट आपल्या वृत्तपत्रातून एकदा ठळकपणे छापून यावी.

माकडांवर मात्र आमच्यापाशी उपाय नाही. गेल्या वर्षी माझ्या पावट्याची एकही शेंग घरात आली नाही. हळदीला ती तोंड लावत नाहीत, म्हणून कडेच्या वाफ्यांत हळद वाढवत नेली आहे.

आता दोन विनंत्या. पहिली आपल्याला. छोट्या जमिनीवरच्या कुटुंबांविषयी लेख छापताना सोबत एक चौकट द्यावी, आणि तिच्यात जमीन किती गुंठे, खाणारी माणसे किती, घरचे धान्य किती महिने पुरले, रोख पैसा कुठून येतो आणि त्या वर्षी काय फसले, हे त्या कुटुंबाकडूनच विचारून घ्यावे. आमची वही आपल्या वार्ताहराला पाहायला देण्यास सगळी २३ घरे तयार आहेत.

दुसरी विनंती आपल्यामार्फत जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतींना. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळांच्या इमारती कोकणात ठिकठिकाणी उभ्या आहेत. कौले फुटून त्या पावसात भिजत आहेत. आमच्याकडे सामाईक पैशांतून घेतलेला एक ग्रासकटर, एक फवारणी पंप आणि बियाण्यांचे डबे आहेत, आणि ते आज एका सभासदाच्या पडवीत पडून आहेत. आमच्यासारख्या गटांना अशा इमारतीतली एक खोली वापरायला द्यावी. भाडे द्यायची आमची तयारी आहे, आणि कौले आम्ही पावसाआधी स्वतः शाकारून घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी