इंग्रजीचा तास इंग्रजीचाच कसा राहील, हे दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत तुम्ही इंग्रजी कसं शिकवावं यावर भाषण कधी दिलं नाहीत. समोर मुलं बसवलीत, तास घेऊन दाखवलात आणि नंतर प्रत्येक कृती तशीच का केली ते सांगितलंत. त्या तासांवर आज कितीतरी मराठी शाळांमधलं इंग्रजी उभं आहे. त्यासाठी मनापासून आभार मानायचे आहेत. हे पत्र जाहीर लिहीत आहोत, कारण तुमच्या हातचं काम जे शिक्षक पाहू शकले नाहीत त्यांच्यापर्यंतही त्यातला तपशील पोहोचला पाहिजे.

२००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. पुस्तक आलं, तासिका आली. पण गावात इंग्रजी कानावर पडतच नाही, ही मूळ अडचण तशीच राहिली. मूल दिवसभरात जेवढं इंग्रजी ऐकतं ते त्या पस्तीस-चाळीस मिनिटांत. त्यातलाही बराच वेळ 'ओळ वाचा, मराठीत अर्थ सांगा' यात गेला, तर उरतं काय? तुम्ही कोणत्याही तासानंतर आधी हेच विचारायचात: आज मुलांनी इंग्रजी किती ऐकलं आणि किती बोललं? फळा किती भरला, धडा किती पुढे गेला, हे प्रश्न त्यानंतर.

आणि तरीही मराठी बंद करा, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. खेळाचे नियम पहिल्यांदा सांगताना, 'ऑनेस्ट'सारखा चित्रात न दाखवता येणारा शब्द आला की, दोन भाषांमधली वाक्यरचना शेजारी ठेवून पाहताना मराठी वापरा, वेळ वाचतो. मात्र गोष्ट ओळीओळीनं मराठीत सांगू नका, कारण मूल मराठीची वाट पाहत बसतं आणि इंग्रजी वाक्य चालू असताना त्याचं लक्षच नसतं. वर्गातल्या सूचनांसाठी तुम्ही दिलेली रीत अगदी साधी: आधी इंग्रजी, मग हळू आवाजात मराठी, लगेच पुन्हा इंग्रजी. 'ओपन युअर बॅग्ज', 'दप्तरं उघडा', 'ओपन युअर बॅग्ज'. दोन-तीन दिवसांनी मधलं मराठी गाळायचं आणि हातानं खूण करायची. आठवडाभरानं खूणही सोडायची.

पहिली-दुसरीसाठी आज्ञापालनाचे खेळ तुम्ही घेतलेत, तेही नेमके. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ही पद्धत: मुलांनी आधी ऐकून कृती करायची, बोलण्याची सक्ती नाही. एका तासाला नव्या आज्ञा तीन किंवा चार. आधी शिक्षक सगळ्यांबरोबर करतो, मग मुलं एकटी करतात, मग एकेक मूल. पण आज्ञा रोज त्याच क्रमानं दिल्या की मुलं शब्द ऐकत नाहीत, क्रम पाठ करतात. आणि बरीच मुलं शेजाऱ्याकडे बघून उठतात-बसतात. म्हणून क्रम मोडायचा, अधूनमधून डोळे मिटायला लावायचे आणि शेवटी कधीच न ऐकलेली जोडणी द्यायची. 'टच द डोअर' येतं, 'युअर फ्रेंड्स बॅग' येतं; मग 'टच युअर फ्रेंड्स बॅग' समजलं का? तिथे खरं काय ते कळतं.

वाचनाच्या बाबतीत तुमचे उपकार सगळ्यात मोठे आहेत. इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहायची सवय जवळजवळ प्रत्येक शाळेत दिसते. त्यात बिघडतं ते इतकंच की मुलाची नजर देवनागरीवर जाते, इंग्रजी अक्षरांकडे ते बघतच नाही, आणि पुस्तक बदललं की वाचन शून्य. त्याऐवजी तुम्ही अक्षरांचे आवाज शिकवलेत. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी, कारण एवढ्यांतूनच सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप, पॅन असे भरपूर शब्द होतात. अक्षराचं नाव नंतर, आवाज आधी.

इथे मराठी मुलांची एक खास अडचण आहे. आपल्या व्यंजनात 'अ' बसलेलाच असतो. त्यामुळे मूल 'स-ॲ-ट' म्हणतं, तीन पूर्ण अक्षरं उच्चारतं आणि ती जोडली की 'सॅट' होतच नाही. तुम्ही यावर उपाय मुलांना येत असलेल्या मराठीतूनच काढलात: पाय मोडून म्हणा. स्, ट्, प्. दुसरी-तिसरीच्या मुलांना पाय मोडका स् वाचता येतो, त्यामुळे समजावून सांगावंच लागत नाही. स् लांबवायचा, 'ॲ'वर घसरायचं, ट्वर थांबायचं. जे आवाज लांबवता येतात (स्, म्, न्, फ्) त्यांनी सुरू होणारे शब्द आधी घ्यायचे, कारण जोड पटकन ऐकू येते. प्, ट्, क्नी सुरू होणारे त्यानंतर.

'द', 'सेड', 'वॉज', 'दे' असे शब्द आवाज जोडून वाचता येत नाहीत. ते नजरेनं ओळखायचे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३०च्या दशकात काढलेली २२० शब्दांची यादी यासाठी आजही उपयोगी पडते. आठवड्याला पाच शब्द, भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. शिक्षकाच्या उंचीला लावलेला तक्ता मुलं वाचत नाहीत, हे तुम्ही गुडघ्यावर बसून दाखवलं होतंत!

उच्चारांत कशासाठी वेळ द्यायचा आणि कशासाठी नाही, हा तुमचा निवाडा आम्हाला फार मोलाचा वाटतो. इंग्रजीतला 'थ'चा खास उच्चार आला नाही आणि मुलानं आपला थ-द वापरला, तर जगात कुणाचं अडत नाही. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली केलेली मांडणीही तेच सांगते: परस्परांना समजण्यासाठी स्वरांची लांबी, शब्दाच्या सुरुवातीच्या प्, ट्, क्बरोबर सुटणारी हवा आणि वाक्यातल्या मुख्य शब्दावरचा जोर या गोष्टी जास्त महत्त्वाच्या. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही, म्हणून शिप-शीप एकच ऐकू येतं. तुमची कृती: शिक्षकानं तोंडासमोर वही धरून शब्द म्हणायचा, मुलांनी पहिल्यासाठी एक बोट आणि दुसऱ्यासाठी दोन बोटं दाखवायची. कानाला फरक कळल्याशिवाय जिभेला कळत नाही, म्हणून आधी फक्त ऐकणं. 'पेन'साठी कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरायची. पट्टी हलली पाहिजे. व्ही आणि डब्ल्यूसाठी छोटा आरसा: व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात दिसत नाहीत.

चुकांची वही ही तर तुमचीच कल्पना. मुलांच्या चुका बेशिस्त नसतात, त्यांना मराठीचं व्याकरण असतं, हे तुम्ही उदाहरणांसकट दाखवलंत. 'माय फादर आर अ फार्मर' असं मूल का म्हणतं? कारण मराठीत वडील 'आहेत'. तेच मूल 'माय मदर इज' बरोबर म्हणतं, कारण आई 'आहे'. खुर्चीला 'शी' म्हणतं, कारण मराठीत ती खुर्ची. 'आय आस्क्ड टू हिम' येतं ते 'त्याला'मधून. 'आय हॅव सीन यस्टर्डे' येतं ते 'मी काल पाहिलं आहे' मधून. कारण कळलं की शिक्षक रागावत नाही आणि दुरुस्तीही नेमकी होते. शब्दांचा क्रम चुकला तर बोटांवर: प्रत्येक बोट एक शब्द. 'माय फादर फार्मर इज' म्हटल्यावर चौथं बोट उचलून तिसऱ्याच्या आधी आणायची खूण करायची आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधली रिकामी जागा दाखवायची, तिथे 'अ' हवा. मूल स्वतःच वाक्य सुधारतं. गटात बोलणं चालू असताना मात्र मध्ये टोकायचं नाही. फिरत राहायचं, टिपून घ्यायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत चार वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहायची. सगळ्या चुका एकदम घेतल्या तर एकही दुरुस्त होत नाही.

मुलांना बोलतं करण्यासाठी तुम्ही दिलेली बाजाराची कार्डं आजही सगळ्यात जास्त चालतात. आठ भाज्या. 'अ' कार्डावर चारांचे भाव, 'ब' कार्डावर उरलेल्या चारांचे. जोडीनं विचारून आपापलं कार्ड पूर्ण करायचं. विचारल्याशिवाय माहिती मिळतच नाही, म्हणून बोलायला खरं कारण असतं. कार्डं देण्याआधी फळ्यावर तीन वाक्यं: 'हाउ मच आर द टोमॅटोज?', 'फोर्टी रुपीज अ किलो', 'सॉरी, से इट अगेन'. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते नसेल तर न समजलेलं मूल सरळ मराठीवर येतं किंवा शेजाऱ्याचं कार्ड बघतं. कार्ड दिसू नये म्हणून दोघांच्या मध्ये दप्तर उभं करायचं. आणि भाव मुद्दाम १५ आणि ५०, १४ आणि ४० असे ठेवायचे: 'फिफ्टीन'मध्ये जोर शेवटी, 'फिफ्टी'मध्ये सुरुवातीला, हे ऐकल्याशिवाय कार्ड बरोबर भरताच येत नाही.

याच संदर्भात तुम्ही इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाची ओळख करून दिलीत. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये, मोठ्या वर्गांत, व्याकरणाचे धडे न घेता वेळापत्रकं, नकाशे, हिशेब यांवरची कामं देऊन इंग्रजी शिकवलं गेलं. आधी शिक्षक सगळ्या वर्गासमोर तसंच एक काम प्रश्न विचारत सोडवतो, मग मुलं त्याच जातीचं दुसरं काम स्वतः करतात. काम सोपं की अवघड याचा प्रभूंचा अंदाजही उपयोगी आहे: निम्म्या मुलांना निम्मं काम जमलं तर ते त्या वर्गाला बरोबर. एसटीचं वेळापत्रक घेऊन 'व्हिच बस शुड शी टेक?' हे आमच्याकडे सातवीपर्यंत छान चालतं.

शब्दांसाठी लग्नपत्रिका. जाड, एका बाजूनं कोऱ्या आणि फुकट! पुढे चित्र, मागे शब्द आणि एक छोटं वाक्य. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे, सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली सुचवलेल्या रीतीनं. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. तुमचा इशारा मात्र विसरून चालत नाही: खोकं आंबा, मांजर, टेबल अशा नामांनी भरून जातं आणि वाक्य करायला क्रियापदच नसतं. म्हणून दर दहा कार्डांत किमान चार क्रियापदं. 'लेफ्ट' आणि 'राइट', 'ट्यूजडे' आणि 'थर्सडे' एकाच दिवशी नवे द्यायचे नाहीत, मुलं त्यांची कायमची अदलाबदल करतात. एक पक्का झाला की दुसरा.

वाचायला साधनं कुठून आणायची, याचंही उत्तर तुम्ही दिलंत. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून मोफत आहे, गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि बऱ्याच गोष्टी मराठी-इंग्रजी दोन्हींत मिळतात. आधी मराठी गोष्ट घरी वाचायला द्यायची, दुसऱ्या दिवशी वर्गात इंग्रजी. अर्थ ठाऊक असल्यानं मूल भाषेकडे लक्ष देतं. एकट्यानं वाचायच्या पुस्तकात पन्नास शब्दांमागे एखादाच अनोळखी असावा. त्याहून जास्त असले तर ते पुस्तक शिक्षकानं वाचून दाखवायचं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तेव्हा खालच्या इयत्तेचे धडेही सरावाला घ्या, त्यात कमीपणा नाही, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत आणि अनेकांच्या मनावरचं ओझं उतरलं.

शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बोलायला भीती वाटते, हे तुम्ही ओळखलं होतंत आणि त्याबद्दल कुणाला कमी लेखलं नाहीत. वर्गात लागणारी चाळीसेक वाक्यं काढलीत, तुमच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर पाठवलीत, आणि प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजेपर्यंत उत्तराची वाट बघायला शिकवलंत. त्या तीन सेकंदांनी मागच्या रांगेतली मुलं बोलती झाली आहेत.

तुमची चुकांची वही आता टंकलिखित झाली आहे आणि इयत्तेनुसार लावली आहे. सहावी-सातवीच्या भागात काळांच्या चुका एकत्र ठेवायच्या की कारणानुसार वेगळ्या करायच्या, यावर आमच्यात एकमत नाही. दिवाळीनंतरच्या शिक्षण परिषदेत तेवढं तुमच्याकडून बघून हवं आहे. प्रकृती ठीक असेल तर नक्की या. गाडी घेऊन आम्ही घरी येऊ.

आपले कृतज्ञ,
मराठी शाळांमध्ये इंग्रजी शिकवणारे शिक्षक-शिक्षिका