वन्यप्राण्यांतील फीतकृमींची जनुकीय ओळख : गोव्याच्या वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

अभयारण्यात एखादा बिबट्या, कोल्हा किंवा रानडुक्कर मेलेला आढळला, तर पंचनामा आणि शवविच्छेदन होऊन शवाची विल्हेवाट लावली जाते. त्याच्या आतड्यांत फीतकृमी, म्हणजे फितीसारखे चपटे परजीवी जंत, असतील, तर त्यांची ओळख पटवण्याची तीच शेवटची संधी असते. सत्तरीत गुरांवर उपचार करणारा पशुवैद्यक या नात्याने माझी आपणाकडे एकच मागणी आहे : ही संधी दवडली जाऊ नये आणि वन्यप्राण्यांतील फीतकृमींची जात जनुकीय चाचणीने निश्चित करण्याची कायमस्वरूपी व्यवस्था वनखात्याने उभी करावी.

विष्ठा तपासली की पुरे, असे अनेकांना वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात हे खरे. पण टीनिया आणि इकायनोकॉकस या फीतकृमींच्या दोन्ही प्रजातींची अंडी, जाड तपकिरी कवचाची आणि साधारण ३० ते ४० मायक्रोमीटर आकाराची, इतकी सारखी असतात की अनुभवी डोळ्यालाही ती वेगळी करता येत नाहीत. या दोहोंतील फरक मात्र मोठा आहे. इकायनोकॉकस ग्रॅन्युलोससचा प्रौढ कृमी कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा असतो, पण त्याची अंडी पाण्यातून, भाजीवरून किंवा हातावरून माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिडची, म्हणजे या कृमीच्या अळीची, पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षे निमूटपणे वाढत राहते आणि रुग्णाला तिचा पत्ता पुष्कळदा सोनोग्राफीतच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत या आजाराचा समावेश केला आहे.

म्हणूनच डीएनए तपासणे भाग आहे. अंडी बारीक चाळणीने विष्ठेतून वेगळी करून, त्यांतील मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाच्या) कॉक्स-१ किंवा नॅड-१ या जनुकांच्या तुकड्याच्या पीसीआर तंत्राने असंख्य प्रती करून त्याचा क्रम वाचला, की जात तर कळतेच, शिवाय पुष्कळदा तिचा उपप्रकारही कळतो. भारतातील गुराढोरांत इकायनोकॉकसचे जी-१ आणि जी-३ हे प्रकार आढळले आहेत. म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यातील एखाद्या कोळसुंद्याच्या (रानकुत्र्याच्या) विष्ठेत तोच प्रकार सापडला, तर जंगलातील आणि गोठ्यातील संसर्गाची साखळी जोडलेली असण्याची शक्यता बळावेल. वेगळा सापडला, तर शोधाची दिशाच बदलेल. त्याच नमुन्यातून विष्ठा कोणाची हेही तपासावे लागेल, कारण कोळसुंद्याची आणि गावच्या कुत्र्याची विष्ठा नुसत्या नजरेने ओळखताना फसगत होते.

नमुना घेण्याची पद्धत आजच ठरवता येईल. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या कृमीचा डीएनए तुटतो, म्हणून जनुकीय तपासणीचा नमुना तीव्र इथेनॉलमध्येच ठेवावा. मात्र इथेनॉलने इकायनोकॉकसची अंडी खात्रीने मरत नाहीत. ताजी विष्ठा हाताळणारा वनरक्षक हातमोजे आणि मास्क घालूनच ती उचलेल आणि प्रयोगशाळेत नमुना उघडण्यापूर्वी तो उणे ८० अंश सेल्सिअसला काही दिवस गोठवला जाईल, हे लेखी आदेशातच नमूद असावे. ज्याच्या हातून हे काम होणार, त्याच्या जिवाची काळजी आधी घेतली गेली पाहिजे. आपल्याकडच्या पावसात विष्ठा वाहून जाते, तेव्हा संकलनाचा मुख्य हंगाम दिवाळीनंतरचाच ठेवणे योग्य.

यातून कोल्ह्या-बिबट्यांवर ठपका येईल, अशी भीती काही निसर्गप्रेमींना वाटू शकेल. मला उलट वाटते. हायडॅटिडची साखळी बहुतेक ठिकाणी कुत्रा आणि पाळीव जनावर यांच्यातच फिरते. कापलेल्या जनावराचे गाठी असलेले यकृत किंवा फुप्फुस उघड्यावर टाकले आणि ते कुत्र्याने खाल्ले, की ती पूर्ण होते. नेमका पुरावा हाती नसेल, तेव्हाच संशय वन्यप्राण्यावर जातो. म्हणून अभयारण्यालगतच्या गावांतील कुत्र्यांचे नमुनेही याच कामात घ्यावेत. रेबीजविरोधी मोहिमेत गोव्यात कुत्रे पकडून लस देण्याची घडी बसलेलीच आहे. पशुसंवर्धन खात्याच्या सहकार्याने त्याच वेळी नमुने घेता येतील. कुत्र्यांना कृमीनाशक दिले, तरी त्याची एकच मात्रा पुरेशी होईल असे मात्र मानू नये, कारण कुत्र्याला पुन्हा लागण झाली की साधारण सात आठवड्यांत तो पुन्हा अंडी टाकू लागू शकतो.

सत्तरीत माकडतापाची साथ आली, तेव्हा मेलेले माकड दिसताच कळवायचे, हे गावकऱ्यांच्या अंगवळणी पडले. फीतकृमींच्या बाबतीत असा दृश्य इशारा मिळत नाही. इथे शोध आपणच घ्यायला हवा.

आपण वन्यजीव विभाग, पशुसंवर्धन खाते आणि आरोग्य खाते यांची संयुक्त बैठक बोलवावी, शवविच्छेदनाच्या अहवाल-प्रपत्रात आतड्यांतील कृमींसाठी वेगळा रकाना ठेवावा आणि संशोधकांचे नमुना-परवान्यांचे अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढावेत. मिळालेले जनुकीय क्रम सार्वजनिक जनुक-संग्रहात जमा व्हावेत आणि निष्कर्ष संबंधित पंचायतींना मराठी व कोंकणीतून कळवले जावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
सत्तरी तालुक्यातील एक पशुवैद्यक